लीळाचरित्रांतील होडेचा ससा : मृगयेच्या प्रथेस विचारलेला एक प्रश्न

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यांतील नरखेड तालुक्याच्या कडेनें वर्धा नदी वाहते. नदीपलीकडे मोर्शी-वरुडचा प्रदेश असून त्यांत महानुभावांचें रिद्धपूर व सातपुड्याच्या पायथ्याचें सालबर्डी हीं स्थानें आहेत. पूर्वेस दूरवर रामटेक आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या पूर्वचरित्राशीं या तिन्ही स्थळांचा संबंध आहे, आणि नरखेड-काटोलचा मुलूख त्यांच्या मध्यें पडतो. म्हणून या टापूंत हस्तलिखितें धुंडाळणारास लीळाचरित्राचा परिचय असणें अगत्याचें आहे. त्यांतील एका लहानशा लीळेकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

प्रथम चरित्रनायकाची पूर्वपीठिका पाहूं. भडोच येथील प्रधान विशाळदेव यांचा पुत्र हरपाळदेव तारुण्यांतच मृत्यु पावला, व द्वारावतीच्या चांगदेव राउळांनीं त्याच्या देहाचा स्वीकार केल्यामुळें तो पुन्हां उठून बसला, अशी सांप्रदायिक श्रद्धा आहे. या राजपुत्रास द्यूताचा नाद होता. एकदां तो पण हरला. पत्नी कमळाइसा हिच्याकडे त्यानें अलंकार मागितले, तिनें ते दिले नाहींत. त्यावरून त्याच्या मनांत विरक्ति उपजली, आणि रामयात्रेच्या निमित्तानें रामटेकाकडे निघून, वाटेंत परिवार सोडून, तो एकटाच रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या भेटीस आला. पुढें सालबर्डीच्या डोंगरांत बारा वर्षें वास व त्यानंतर एकाकी भ्रमण, असा क्रम ग्रंथांत येतो. सशाची लीळा या एकाकी काळांतील आहे.

लीळेचा आशय असा. स्वामी झाडाखालीं बसले असतां पारध्यांनीं एका सशामागें कुत्रीं सोडलीं. ससा धांवत आला आणि स्वामींच्या गुडघ्याखालीं शिरला. कुत्रीं थबकलीं. मागोमाग पारधी आले व त्यांनीं नम्रपणें सशाची मागणी केली. शरण आलेल्यास मरण कसें यावें, असें स्वामी म्हणाले. तेव्हां पारध्यांनीं आपली खरी अडचण सांगितली : हा ससा होडेचा, म्हणजे पैजेचा, आहे, तो न मिळाल्यास आमच्या आमच्यांतच सुऱ्या निघतील. त्यावर स्वामींनीं त्यांस विचारलें कीं, हीं जनावरें रानांत राहतात, रानचें गवत खातात, रानचें पाणी पितात; यांस तुम्ही कां मारतां ? पारध्यांनीं यापुढें न मारण्याचें कबूल केलें. मग स्वामींनीं गुडघा उचलला व सशास ‘महात्मा’ म्हणून आदरानें वाटेस लावलें.

या लीळेचें मर्म बहुतेक वाचक शरणागतरक्षणांत पाहतात. तें खरेंच, परंतु शिबीच्या आख्यानापासून तो विषय आपल्याकडे परिचित आहे. येथील विशेष ‘होड’ या शब्दांत आहे. पारध्यांस सशाच्या मांसाची निकड नव्हती. त्यांस पण जिंकावयाचा होता. पैजेपायीं पशूचा जीव जावयाचा, आणि पशु सुटला तर माणसांत रक्तपात व्हावयाचा. पण हरल्यावर माणसाची काय अवस्था होते, हें ज्या राजपुत्रानें स्वतः भोगलें, त्याच्यासमोर हा पेंच आला, हा योग लक्षांत घेण्याजोगा आहे. ग्रंथकार हा संबंध स्वतः जोडून दाखवीत नाहीं. दोन्ही लीळा शेजारीं ठेवून वाचणारासच तो दिसतो.

मृगयेविषयीं त्या काळचा शिष्टसंमत विचार काय होता, हें ताडून पाहिल्यास या प्रश्नाचें मोल कळतें. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें (तिसरा) इ. स. ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत राजाच्या विनोदांमध्यें मृगया तर आहेच. शिवाय सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, यासही स्वतंत्र स्थान आहे. याच्या उलट गुजराथेंत चौलुक्य कुमारपाळानें हेमचंद्राच्या उपदेशानें जीवहत्येस बंदी केली. मारवाडांतील किराडू येथील विक्रमसंवत् १२०९ च्या शिलालेखांत त्याच्या मांडलिकानें ठराविक तिथींस पशुवध मना करून दंड सांगितले आहेत. म्हणजे एकीकडे राजाचा विनोद, दुसरीकडे राजाचा हुकूम. भडोचचा हा तरुण संन्यासी गुजराथेंतूनच आलेला. पण त्याच्यापाशीं ना हुकूम होता, ना दंड. त्यानें शास्त्रवचनही पुढें केलें नाहीं. पारध्यांस समजेल अशा त्यांच्याच बोलींत एक प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्याचें त्यांच्यावर सोंपविलें.

‘पारधी’ या शब्दाविषयीं एक सावधगिरीची सूचना करणें जरूर आहे. संस्कृत ‘पापर्द्धि’, प्राकृत ‘पारद्धि’, त्यावरून मराठी ‘पारध’, ही परंपरा हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणानें सिद्ध होते. पापर्द्धि म्हणजे पापाची वृद्धि; शिकारीविषयींचा निषेध शब्दाच्या पोटांतच आहे. तथापि लीळेंतील पारधी म्हणजे शिकार करणारे, एवढाच अर्थ तेथें घ्यावयाचा. पुढें त्याच नांवानें ओळखल्या गेलेल्या जमातीवर १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनीं जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ सालीं कायद्यानें पुसला गेला. तेराव्या शतकांतील ग्रंथास हा शिक्का ठाऊक नाहीं. त्यांतील पारधी विनयानें बोलतात, खरें कारण लपवीत नाहींत, आणि पटल्यावर शस्त्र आवरतात. त्यांस दुष्ट ठरवून ही लीळा सांगणें म्हणजे ग्रंथावर व त्या लोकांवर, दोघांवरही अन्याय करणें होय.

शेवटीं पाठाविषयीं. म्हाइंभटांनीं इ. स. १२७८ च्या सुमारास प्रत्यक्षदर्शी लोकांकडून आठवणी मिळवून लीळाचरित्र रचिलें. मूळ प्रत खिलजी स्वाऱ्यांच्या धामधुमींत नष्ट झाली व पुढें स्मरणानें ग्रंथ पुन्हां सिद्ध करण्यांत आला, अशी परंपरा आहे. त्यामुळेंच आज अनेक पाठ आढळतात. पुढें हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत गेले. विसाव्या शतकांत राजवाडे व भावे यांच्या प्रयत्नांनीं तो पडदा दूर झाला, नागपूरच्या ह. ना. नेने यांनीं हा ग्रंथ भागशः छापला व डॉ. वि. भि. कोलते यांचें संपादन १९७८ सालीं बाहेर पडलें.

छापील ग्रंथ हातीं आला तरी पोथ्यांचें काम संपत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं लीळाचरित्राची पोथी असेल त्यांनीं सशाची लीळा काढून तीन जागा अवश्य ताडाव्या : होडेचा उल्लेख, स्वामींच्या प्रश्नांतील गवत-पाण्याचे शब्द, आणि सशास केलेलें संबोधन. होडेचा उल्लेख गळला, तर ही कथा नुसत्या भूतदयेची राहते. तो टिकला, तर पैजेच्या प्रथेस विचारलेला प्रश्नही टिकतो. पोथीचा काळ, लेखकाचें नांव व पुष्पिका यांसह हे पाठ टिपून ठेवल्यास मराठीच्या आद्य गद्याची मोठी सेवा घडेल.