पेटीत मावलेलं चाक

पेटी चरख्याचं मोठं चाक एकदा फिरवा आणि चातीकडे बघा. चाती दिसतच नाही, हवेत एक चंदेरी रेघ तेवढी थरथरते. इकडे हाताचा जेमतेम एक फेरा होतो, तेवढ्यात तिकडे शंभरावर फेरे होऊन गेलेले असतात. मोटर नाही, दाते असलेली चक्रं नाहीत. दोन लाकडी चाकं, दोन सुती दोऱ्या आणि चाती म्हणजे एक पोलादी सळई, एवढाच संसार. झाकण लावून कडी घातली की तो हातात धरून बसमध्ये चढता येतं.

याला येरवडा चरखा म्हणतात, ते उगीच नाही. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात तीनदा दीर्घकाळ राहिले: १९२२ ते १९२४, मग मे १९३० ते जानेवारी १९३१, आणि पुढे जानेवारी १९३२ ते मे १९३३. १९३० साली त्यांच्या सोबतीला साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर होते. आश्रमाला पत्रं लिहिताना गांधीजी या तुरुंगाला ‘येरवडा मंदिर’ म्हणत. कातणं रोजचं, आणि चरख्यात काय सुधारता येईल याचा विचारही रोजचा. १९३२ मध्ये हाताचं कोपर दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी पायाने चालणारा मगन चरखा घेतला, पण कातणं सोडलं नाही. येरवड्याच्या तुरुंगवासांत घोटून घेतलेला सुटसुटीत चरखा म्हणून पेटी चरख्याला या गावाचं नाव चिकटलं.

यातली खरी करामत जागेची आहे. साध्या चरख्यात एकच चाक असतं आणि त्यावरून माळ, म्हणजे दोरी, थेट चातीच्या पुलीवर जाते. चाती जोरात फिरवायची तर चाक मोठं हवं, आणि मोठं चाक अर्धी खोली अडवतं. पेटी चरख्याने हा प्रश्न गुणाकाराने सोडवला. मोठ्या चाकावरची दोरी मधल्या चाकाच्या बारीक तुंब्यावर जाते, मधल्या चाकावरची माळ चातीवर जाते. पहिल्या टप्प्यात वेग आठपट, दुसऱ्यात चौदापट. आठ आणि चौदा यांची इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. भिंतीएवढं चाक लागलं असतं, ते वीतभर रुंदीच्या लाकडात बसलं!

आकडे घालून बघू. समजा मोठं चाक खाचेत २२० मिलिमीटर व्यासाचं आहे, तुंबा २५ चा, मधलं चाक १४० चं आणि चातीची पुली ८ ची. मोजणारा घाईघाईने २२० भागिले २५ आणि १४० भागिले ८ करून गुणतो आणि म्हणतो, एका फेऱ्याला १५४. चरखा मात्र तेवढं देत नाही. दोरीला स्वतःची जाडी असते आणि चाकाचा खरा व्यास दोरीच्या मध्यापासून धरावा लागतो. दोन मिलिमीटर जाडीची दोरी असेल तर चारही व्यासांत दोन-दोन मिळवा. २२० चे २२२ झाले तर काही बिघडत नाही, पण ८ चे १० झाले की सगळा हिशेब कोसळतो. आता उत्तर येतं ११७. तीच दोरी एक मिलिमीटरची घेतली तर १३३. चरख्याला हात न लावता, नुसती दोरी बदलून! हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी आकडेमोड परत तपासली होती.

हे फेरे जातात कुठे? सूत चातीच्या टोकाशी तिरकं धरलं की दर फेऱ्याला ते टोकावरून निसटतं आणि निसटताना सुतात एक पीळ पडतो. वीस नंबरच्या सुताला इंचाला साधारण १८ पीळ लागतात. दोन फूट धागा ओढला तर चारशेहून जास्त. म्हणजे मोठ्या चाकाचे चार फेरे पुरे होतात. मग सूत चातीला काटकोनात धरायचं की तेच चातीवर गुंडाळलं जातं.

पण गुणाकार फुकट मिळत नाही. चातीवर वेग ११७ पट झाला, तर जोर तितक्याच पटीने घटतो. उलट बाजूने पाहिलं तर चातीच्या टेकूत तसूभर घासणूक झाली की ती हाताला ११७ पट होऊन जाणवते. मोठ्या चाकाच्या आसाशी तेवढीच घासणूक असेल तर हाताला कळणारही नाही. जुना चरखा दुरुस्त करायचा तो या एका गोष्टीवर नजर ठेवून. माळ्यावरून उतरवलेला चरखा जड चालतो म्हणून लोक मोठ्या चाकाच्या आसात तेल ओततात, आणि चाक होतं तसंच जड राहतं. दुखणं दुसऱ्या टोकाला असतं.

तेव्हा आधी चाती काढा. तिच्यावर बहुधा तेल, धूळ आणि कापसाचे तंतू यांचं काळं कीट साचलेलं असतं. ते रॉकेलच्या बोळ्याने पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने फिरवा. मग चाती खिडकीच्या काचेवर ठेवून बोटाने लोळवा आणि डोळा काचेच्या पातळीला आणून खालची फट बघा. सरळ चातीखाली फट सारखी राहते. वाकड्या चातीखालून उजेड उघडझाप करतो आणि काचेवर टकटक ऐकू येते. जिथे फट जास्त, तिथे पेन्सिलने खूण करा, चाती लाकडावर ठेवा आणि लाकडी हातोडीने फुगवट्यावर हलकेच ठोका. लोखंडी हातोडी नको, नवा पोचा पडतो. परत लोळवा, परत बघा. केसाएवढा बाकसुद्धा मिनिटाला हजारो फेरे घेताना चातीचं टोक थडथडवतो आणि सूत तुटतं. हाताचा वेग सेकंदाला एक फेरा धरला तर चाती हिशेबाने मिनिटाला सात हजार फेरे घेते, हे विसरू नका. हमरस्त्यावर निवांत चाललेल्या मोटारीचं इंजिन याच्या निम्मेही फेरे घेत नाही.

चाती जिथे टेकते ते टेकू चामड्याचे किंवा पिळलेल्या दोरीचे असतात. ते कडक झाले असतील तर बदला, चपलेचा चामडी तुकडाही चालतो. तेल शिलाई मशीनचंच, आणि एकच थेंब. गंज सोडवायचा फवारा मारायचा मोह आवरा. तो गंजाला ठीक आहे, वंगण म्हणून टिकत नाही. जास्त तेलही नको, कापसाचे तंतू त्यात अडकतात आणि कीट पुन्हा तयार होतं.

आता माळ. तिला गाठ मारली तर दर फेऱ्याला गाठ आठ मिलिमीटरच्या पुलीवर चढते, चरखा उचकी लागल्यासारखा ठसकतो आणि सुतात जाडबारीक पट्टे पडतात. गाठीऐवजी दोन्ही टोकं सोडवून एकमेकांत गुंफा, सुईदोऱ्याने शिवा, वरून मेण चोळा. माळ सरकत असेल तर थोडी राळ लावा. ताण किती? चाती बोटाने अडवून चाक फिरवलं तर माळ घसरली पाहिजे, आणि बोट काढलं की लगेच पकडली पाहिजे.

घसरण मोजताही येते. चातीच्या चकतीला रंगाचा ठिपका लावा. मोठं चाक अगदी सावकाश एकदा फिरवून मधल्याचे फेरे मोजा, मग मधलं एकदा फिरवून चातीचे. दोन्ही आकडे गुणा आणि दोरीची जाडी धरून केलेल्या हिशेबाशी ताडून बघा. जो आकडा कमी भरेल, त्या टप्प्यातली दोरी सैल. एवढी चोख तपासणी मला आमच्या मिक्सरचीही करता आलेली नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात अजून एक गंमत. सुती दोरी ओलीने सैल व्हावी असं वाटतं, पण ती आवळते. तंतू फुगतात, पिळाची वेटोळी रुंदावतात, लांबी कमी होते. लाकूडही फुगतं आणि पेटीचं झाकण अडतं. जूनच्या आधी चातीला तेलाचा फडका फिरवून ठेवा आणि काम झालं की माळ उतरवून ठेवा. झाकण अडलं म्हणून लगेच रंधा मारू नका, ऑक्टोबरात ते आपोआप बसतं आणि रंधलेली फट मग कायमची राहते.

देखभालीचा विचार त्या काळीही पक्का होता. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी मुलखाच्या कडक. किंमत दीडशे रुपयांच्या आत, वेळच्या वेळी निगा राखल्यास वीस वर्षं चाललं पाहिजे, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आजच्या कुठल्या घरगुती यंत्राच्या खोक्यावर असं लिहिलेलं असतं? किर्लोस्करवाडीत काळे नावाच्या गृहस्थांनी रचलेला चरखा या स्पर्धेत उतरला, पण परीक्षकांच्या कसोटीला पुरा पडला नाही. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही. गांधीजींनी फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला भेट दिलेला येरवड्याचा चरखा मात्र २०१३ साली इंग्लंडमध्ये लिलावात १ लाख १० हजार पौंडांना गेला.

आपल्या माळ्यावरच्या चरख्याला एवढा भाव येणार नाही, पण तो चालू होईल याची खात्री बाळगा. घरी न जमणाऱ्या दुरुस्त्या दोनच: चाक आसावर वाकडं झालं असेल किंवा चातीची पुली झिजून गेली असेल, तर खराद्याकडे जावं लागतं. बाकी स्क्रू, स्प्रिंगा, बिजागऱ्या पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात. खराद्याला जुनी पुली दाखवून ‘अशीच करा’ म्हणू नका, झिजलेल्या मापाची नवी पुली हातात येईल. झीज नसलेल्या कडेशी माप घ्या आणि आकडा कागदावर लिहून द्या. आठाऐवजी नऊ मिलिमीटरची पुली आली, तर ११७ चे १०६ होतील.