पाण्याची परतवाट

शेत म्हणजे काळी, गावठाण म्हणजे पांढरी, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. आमच्या खालच्या वावरानं ती मोडली. कृष्णाकाठच्या आमच्या मळ्याच्या उताराला, ओढ्याच्या अंगाला हा दीड एकराचा तुकडा. माझ्या लहानपणी सगळ्या रानात तोच जोमदार. तिथला शाळू डोक्याच्या वर जायचा. मग नदीवरून उपशाचं पाणी आलं, शाळू गेला, ऊस आला. पहिली काही वर्षं उतारा असा पडला की जाणारे-येणारे बांधावर थांबून बघायचे. पुढं एका उन्हाळ्यात कोपऱ्यात पीठ सांडावं तशी पांढरी फूल दिसली. दोन-तीन वर्षांत ती वावरभर झाली. बेणं उगवायचं, पण फुटवे धरायचे नाहीत. भर दुपारी ओल्या सरीत उभा असलेला ऊस मलूल व्हायचा. वडिलांना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी पाण्याची पाळी जवळ आणली, खताचं पोतं वाढवलं. पाण्यानंच आजारी पडलेल्या जमिनीला आम्ही दहा वर्षं औषध म्हणून पाणी पाजत राहिलो.

ओल्या जमिनीत पीक का सुकतं, हे त्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं नाही. मुळाभोवतीचं पाणी खारट झालं की ते ओढून घ्यायला मुळाला जास्त जोर लागतो. एका मर्यादेपुढं तो जोर पुरत नाही. पाण्यात उभं राहून पीक तहानेनं मरतं.

सांगली, कोल्हापूर, बारामती, फलटण, नगरचा कालव्याखालचा भाग. बागायती पट्ट्यातल्या कितीतरी घरांचं असं एक ‘खालचं वावर’ आहे. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की हा आजार नवा नाही, त्याचं निदानही नवं नाही. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. मध्ये अवघी पंचवीस वर्षं. एका पिढीच्या हयातीत कालव्याचं पाणी आलं आणि जमीन खारली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचवली, तिच्या पोटातही हाच विचार होता: पाणी आखलेल्या क्षेत्रात द्यायचं, त्यातला ठरावीक हिस्साच उसाला ठेवायचा आणि पिकं फिरवायची. पुढं इंग्लिस नावाच्या इंजिनिअरनं दख्खनच्या कालव्यांवर निचरा आणि भूजलपातळी यांचा पाठपुरावा केला. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं, आणि तिथल्या बसू आणि सिरूर यांनी १९३८मध्ये कालव्याखालच्या जमिनींची प्रतवारी मांडली. कुठली जमीन बारमाही पाणी सोसेल आणि कुठली नाही, हे ठरवायला तिचाच आधार. म्हणजे १९३८पर्यंतच सगळं कागदावर आलं होतं. बांधावर ते उतरलं नाही.

त्याहून जुनी समज खानदेशात होती. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडात यायचं, पाटकरी ते पाळीनं द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा. उसाचा फड फिरता असायचा. एकाच तुकड्याला वर्षानुवर्षं बारमाही पाणी, ही गोष्टच त्यात बसत नव्हती. आणि उरलेलं पाणी उतारानं पुन्हा नदीकडं जायचं.

आता एक हिशेब मांडून बघू. हा हिशेब कुणाही शेतकऱ्याला चुलीपुढं बसून करता येतो. पाटानं भिजवलेल्या उसाला वर्षाकाठी धरा २०० सेंटिमीटर पाणी. एका एकरावर ते सुमारे ८० लाख लिटर होतं. नदीचं पाणी आपण गोडं म्हणतो, पण त्याच्या एका लिटरमध्ये पाव ग्रॅम क्षार धरला, तरी एकरात वर्षाला दोन टन क्षार जातो. पन्नास किलोची चाळीस पोती. विहिरीचं किंवा बोअरचं मचूळ पाणी असेल, ज्याची क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटर आहे, तर हाच आकडा पाच टनांवर, म्हणजे शंभर पोत्यांवर जातो. पीक पाणी पितं, ऊन पाणी नेतं, क्षार मात्र बहुतेक मागं ठेवून जातात. पावसानं धुऊन ते खाली उतरले आणि खालून बाहेर पडले, तर ठीक. बाहेर पडायला वाटच नसेल तर?

आमच्या काळ्या जमिनीचा खरा प्रश्न इथं आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. फुगल्यावर पाणी खाली सरकायचं जवळजवळ थांबतं. खाली कठीण थर, बाजूला वरच्या रानांतून झिरपत येणारं पाणी. मग भूजल चढत चढत जमिनीखाली तीन-चार फुटांवर येतं आणि तिथून दिव्याच्या वातीनं तेल वर चढावं तसं क्षार घेऊन वर चढतं. पाणी उडतं, पांढरी फूल राहते. पहिल्या पायरीला जमीन नुसती क्षारयुक्त असते: सामू ८.५च्या आत, क्षारता ४ डेसीसायमनच्या वर. ही अजून हातातली असते. दुसऱ्या पायरीला सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो, तो १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण. मग मातीचे कण एकमेकांना सोडतात, पाणी वरच साचतं, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं होतं. औताला विचारा, ते लगेच सांगतं.

प्रयोगशाळेत माती द्यायचीच, आणि एकच थर नाही, फूटभर खोलीची वेगळी आणि त्याखालच्या फुटाची वेगळी. पण त्याआधी घरी करता येणारी एक परीक्षा मला फार आवडते. काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं पाणी घ्यायचं, त्यात वाळलेला लहानसा खडा अलगद सोडायचा आणि न हलवता ठेवून द्यायचं. खडा नुसता विरघळून तळाला बसला आणि पाणी नितळ राहिलं, तर माती सुस्थितीत. खड्याभोवती दुधाळ ढग पसरून पाणी गढूळच राहिलं, तर सोडियमनं घर केलं. दुसरी परीक्षा खड्ड्याची. खालच्या अंगाला चार-पाच फूट खोल भोक पाडून त्यात भोकं पाडलेला पाइप उभा करायचा आणि महिन्यातून एकदा काठी बुडवून पाणी किती खाली आहे ते वहीत मांडायचं. आमच्या घरात दुधाची वही होती, कारखान्याच्या पावत्यांची फाइल होती. जमिनीखालच्या पाण्याची वही कधी नव्हती. ती असती, तर ती दहा वर्षं गेली नसती.

आणि लव्हाळा. ज्या वावरात काढून काढून लव्हाळा हटत नाही, तिथं खुरपणीवर पैसे घालण्याआधी खाली पाणी किती वर आलंय ते बघावं.

उपाय विचारला की पहिलं नाव जिप्समचं निघतं. जिप्समविषयी माझी तक्रार नाही. त्यातला कॅल्शियम सोडियमला मातीवरून हुसकावतो हे खरंच आहे. पण हुसकावलेला सोडियम जायचा कुठं? निचरा नसलेल्या रानात जिप्सम टाकणं म्हणजे गटार तुंबलेल्या मोरीत साबण ओतणं. आधी निचरा, मग जिप्सम. आणि तेही माती परीक्षणात जेवढी मागणी येईल तेवढंच, शेणखतात मिसळून, पावसाच्या तोंडावर. चुनखडीच्या जमिनीत गंधकही काम करतो, कारण जमिनीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल जागेवरच्या चुन्यातून कॅल्शियम मोकळा करतं.

निचऱ्याचा जुना मार्ग उघड्या चराचा. तो चालतो, पण जागा खातो, गवतानं बुजतो, औताला आडवा येतो. म्हणून आता जमिनीखाली तीन ते पाच फुटांवर सच्छिद्र पाइप टाकतात, त्याला गाळ आत येऊ नये म्हणून गाळणीचं कापड गुंडाळलेलं असतं. दोन ओळींतलं अंतर मातीवर ठरतं. भारी जमिनीत ओळी जवळ घ्याव्या लागतात. सगळ्या ओळी एका मोठ्या पाइपला आणि तो पाइप ओढ्याला. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र करून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं, आणि पडीक झालेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला. त्या कामाचं मोल मला पाइपांपेक्षा एकत्र येण्यात दिसतं. विहीर एकट्याला काढता येते. निचरा एकट्याला करता येत नाही, कारण तुमचं पाणी बाहेर जायचं तर ते शेजाऱ्याच्या रानाखालून जायचं असतं.

आणि ओढे? गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण ओढ्यांना नांगर लावला. दोन्ही बाजूंनी एकेक तास पुढं सरकत ओढ्याचा नाला झाला, नाल्याचा पाट झाला, कुठं कुठं तर त्यावर सरळ ऊस उभा आहे. एवढ्याशा जमिनीच्या लोभापायी वरच्या शेकडो एकरांची परतवाट बुजली. याला मी चूकच म्हणेन, आणि त्यात आमचं घरही आहे.

पाणी देण्याच्या सवयीही तशाच. पाण्याचे पैसे वर्षानुवर्षं पिकाच्या क्षेत्रावर आकारले गेले, मोजून नाही. वीज रात्री यायची, म्हणून मोटारीला ऑटो स्टार्टर; वीज आली की मोटार आपोआप चालू, सकाळी जाऊन बघावं तर खालचं टोक तुंबलेलं. त्यात शेतकऱ्याचा दोष किती आणि रात्रीच्या विजेचा किती, हे ज्यानं थंडीच्या दिवसांत अंधारात बारं फोडलंय त्यानंच सांगावं. ठिबकनं पाणी निम्म्यापर्यंत वाचतं, पण ठिबक क्षार काढून टाकत नाही. ओल्या घेराच्या कडेला ढकलून ठेवतं. म्हणून पहिला हलका पाऊस आला की ठिबक बंद न करता चालू ठेवावं, नाहीतर कडेचा क्षार पावसासोबत थेट मुळाशी येतो. सरी-वरंब्यातही तेच: क्षार वरंब्याच्या माथ्यावर चढतो, तेव्हा रोप माथ्यावर नको, बगलेत लावावं.

जमीन सुधारेपर्यंत पीकही सोसणारं हवं. घेवडा आणि कांदा अगदी थोड्या क्षारानं माघार घेतात, ऊसही फारसा सोशिक नाही. कापूस, गहू, बीट तग धरतात. उसातल्या उसात फुले २६५ हा वाण खारवट जमिनीत बरा चालतो. सगळ्यात आधी मात्र धैंचा. तो ओलही सोसतो, क्षारही सोसतो, आणि ४५ ते ५० दिवसांत, फुलोऱ्याच्या सुमारास गाडला की जमिनीला भुसभुशीतपणा देतो. पाचट पेटवू नये, सरीतच कुजवावं. उघड्या जमिनीतून पाणी उडालं की क्षार वर येतो, झाकलेल्या जमिनीतून कमी येतो. चोपणात ऊस केवडा पडला की लोक युरिया टाकतात. पण पिवळेपणा बहुधा लोहाचा असतो, आणि अशा जमिनीवर युरियातलं नत्र वायू होऊन उडतं. फेरस सल्फेट शेणखतात मुरवून दिलं, नत्रासाठी अमोनियम सल्फेट वापरलं, तर पैसा कारणी लागतो.

शेणखत, शेणखत म्हणतो, पण ते येतं गोठ्यातून, आणि या जास्तीच्या पाण्याची झळ गोठ्यालाही बसते. हा धागा मला खूप उशिरा दिसला. आमच्या भागात पाण्यानं सगळीकडं ऊसच झाला, म्हणून तोडणी सुरू झाली की चार-पाच महिने जनावरापुढं उसाचे वाढे आणि वाढेच. फुकटात मिळतात, हिरवे दिसतात, जनावर आवडीनं खातं. पण वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातला कॅल्शियम बांधून टाकतं आणि तो शेणावाटे निघून जातो. दुभती म्हैस मग हाडांतून कॅल्शियम काढून दूध देते. दूध हळूहळू उतरतं, माजावर यायला उशीर होतो, आणि व्याल्यावर एखादी उठतच नाही. आमच्याकडे एक म्हैस अशी बसली होती. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ती उभी राहिली, तेव्हा आई तिच्या गळ्यात पडून रडली होती. उपाय महागडा नाही: वाढे कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची, सोबत कडबा आणि लसूणघास द्यायचा, रोज खनिज मिश्रण द्यायचं, आणि पोट नुसत्या वाढ्यांवर भरायचं नाही.

दुसरी झळ डबक्याची. तुंबलेल्या चरात, पाणथळ बांधाला बारक्या गोगलगायी वाढतात आणि त्यांच्या पोटात यकृतकृमीची पिल्लं. ती बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला चिकटतात, तेच हिरवंगार गवत जनावर खातं. पुढं हळूहळू जनावर वाळतं, जबड्याखाली सूज लोंबते, दूध तुटतं. जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्यायचंच, पण डबकं तसंच ठेवून दिलेलं औषध पुढच्या वर्षी पुन्हा द्यावं लागतं. पाणथळातलं गवत कापावं लागलंच तर चांगलं वाळवून घालावं आणि पाणी हौदाचं पाजावं. ज्या चरानं उसाची मुळं मोकळी होतात, त्याच चरानं गोगलगायीचं घर मोडतं.

आमच्या खालच्या वावरात पाइप पडले त्याला आता चार पावसाळे झाले. त्याआधी दोन वर्षं भाऊबंदांशी बोलण्यात गेली, कारण ओढ्यापर्यंतची वाट चुलत्यांच्या रानातून होती. शेवटी तात्या म्हणाले, ‘‘टाका. माझंबी खालचं रान त्याच वाटेनं सुटंल.’’ पहिल्या वर्षी वडील पाइपाच्या तोंडाशी जाऊन ओंजळीत पाणी धरायचे आणि जिभेला लावून थुंकायचे. मग धैंचा घेतला, दोनदा गाडला, मग गहू. यंदा उसाची लागण केली आहे. पाइपाचं पाणी आता तेवढं खारट लागत नाही, असं वडील म्हणतात. मी क्षारतेचं मीटर लावून वहीत आकडा लिहितो.

ते पाणी ओढ्यातून कृष्णेला मिळतं आणि राजापूरच्या बंधाऱ्यावरून पुढं कर्नाटकात जातं. आमच्या एकरी चाळीस पोत्यांतली काही पोती खालच्या कुणाच्या तरी रानात उतरत असतील. म्हणून यंदा वरच्या दोन वावरांचं पाट-पाणी बंद करून ठिबक केलं आहे. जेवढं कमी घालू, तेवढं कमी बाहेर जाईल. ओढ्यात अजून दोन ठिकाणी ऊस उभा आहे. तोडणी झाली की तिथं मोजणीची दोरी धरायची ठरली आहे.