कळीचा चुना आणि ऑक्साइडांचे स्वभाव

ऑक्सिजनचा दुसऱ्या मूलद्रव्याशी संयोग झाला की ऑक्साइड तयार होतं. पाणी हे हायड्रोजनचं ऑक्साइड. कोकणातल्या जांभ्या दगडाचा तांबूस रंगही लोहाच्या ऑक्साइडांचाच. पण नुसती यादी पाठ करण्यात अर्थ नाही. ऑक्साइडाचा स्वभाव बघावा.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. भट्टीत चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सियसला भाजली की शुद्ध चुनखडीच्या 100 किलोंतून साधारण 56 किलो चुना उरतो. बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. या खड्यांवर पाणी पडलं की ते तडकतात, फुगतात, पाणी खदखदू लागतं आणि शेवटी पांढरी फक्की होते. थेंब डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं, म्हणून चुना विरवताना फार जपावं. हा विरलेला चुना अल्कधर्मी असतो. त्यात हळद कालवली की ती लाल होते.

धातूंची ऑक्साइडं बहुधा अशीच. गंधक, कार्बन यांसारख्या अधातूंची पाण्यात मिसळून आम्ल देतात. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड मात्र उभयधर्मी: आम्लाशीही जुळतं, कॉस्टिक सोड्याशीही.

मला सर्वांत मोह पडतो तो या दोन गटांच्या भेटीचा. भिंतीवरचा विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. जुन्या वाड्यांचा गिलावा असाच घट्ट झाला. या क्रियेला ओल लागते. घाईनं वाळवलेला गिलावा भुरभुरतो.