कोरा घोडा, चाबुकस्वार आणि घाईचा व्यवहार

दरवर्षी दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीच्या काठी घोड्यांच्या दावणी लागतात. गुजरात, राजस्थान, पंजाब आणि उत्तर प्रदेशातून व्यापारी माल घेऊन उतरतात. गिऱ्हाईक आधी रंग पाहते. नुकरा आहे की कुमैत, अबलख आहे की पंचकल्याणी, याची चर्चा होते. मग भोवऱ्या तपासल्या जातात. त्यानंतर जनावर चालवून, रहवाल आहे का ते पाहिले जाते. एवढे झाल्यावर जो प्रश्न खरे तर सर्वात आधी विचारायला हवा, तो विचारला जातो : "फिरवलेला आहे, की कोरा?"

या प्रश्नाच्या उत्तरावर किंमत ठरते आणि याच उत्तरात फसवणूकही होते. एकाच घोडीची दोन शिंगरे असतात, रंग एक, उंची एक. एकाला तीन वर्षे सांभाळून, जमिनीवरचे शिक्षण देऊन, मग पाठीवर माणूस घेतलेला असतो. दुसऱ्याला दीड वर्षाचा असताना तिघांनी धरून खोगीर आवळलेले असते आणि बाजारापूर्वी पंधरा दिवसांत "तयार" केलेले असते. दावणीला उभे असताना दोघांत फरक दिसत नाही. तो दिसतो घरी नेल्यावर. दुसरा रिकिबीत पाय ठेवताच पाठ चोरतो, तंग आवळताना चावतो, नालबंदाला पाय देत नाही. दोन वर्षांनी लंगडायला लागतो तेव्हा विकणारा कुठे असतो, हे आमच्या व्यापारी वाचकांना सांगायला नको.

या पानावर घोड्याचा विषय का, असे काही वाचक विचारतील. 'आइन-इ-अकबरी'त शाही तबेल्याच्या नोकरवर्गाची यादी आहे. तीत चाबुकस्वार आहे, बैतार आहे, साईस आहे, नालबंद आहे, झीनदार आहे. घोड्यावर स्वारी करून त्याचा वेग आणि गुण कळवणे हे चाबुकस्वाराचे काम. यातली काही नावे आज आपल्याकडे आडनावे म्हणून उरली आहेत. नाल ठोकणारे, जीन शिवणारे आणि घोडा फेरणारे हात आपल्या वस्त्यांत अजून आहेत, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न हा धंद्याचाच प्रश्न आहे.

हा धंदा आकसला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास असलेले घोडे आणि तट्टू २०१९ च्या गणनेत तीन लाख चाळीस हजारांवर आले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांवर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्या बंद झाल्या. टांगा रिक्षाने केव्हाच खाल्ला होता. पण जे काम उरले आहे ते कसले, हे नीट पाहावे. वरातीचा घोडा बँड, फटाके आणि दिव्यांच्या झगमगाटात, ज्याने जन्मात लगाम धरलेला नाही अशा नवरदेवाला घेऊन चालतो. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीचा घोडा अशाच अनोळखी पोरांना घेऊन दिवसभर फिरतो. स्वार कच्चा असेल तर घोडा पक्का हवा. म्हणजे घोडे कमी झाले तरी घोडा फेरण्याच्या कसबाची गरज कमी झालेली नाही.

दात आणि हाडे

वय ठरवताना कागदापेक्षा तोंड पाहावे. समोरच्या दुधाच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के दात येतात, त्याच्या शेजारची जोडी साडेतीनच्या आसपास, आणि कडेची साडेचारच्या. पाच वर्षांचा घोडा 'भरल्या तोंडाचा' होतो. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि मुळाशी निमुळता असतो. तो उपटून जनावर मोठे दाखवण्याची लबाडी फार जुनी आहे, तेव्हा हिरडीकडेही नजर टाकावी.

दातांप्रमाणे हाडांचेही वेळापत्रक असते. वाढत्या हाडाच्या टोकाशी कुर्चेची एक पट्टी असते, ती पुढे पक्क्या हाडात मिळून जाते. खुराजवळच्या हाडांत हे काम वर्षाच्या आत-बाहेर संपते. पुढच्या गुडघ्याच्या वर ते दोन ते अडीच वर्षांपर्यंत चालते. पाठीच्या मणक्यांत मात्र ते सर्वात शेवटी, पाच वर्षांच्या पुढेही चालू असते. आणि आपण माणूस बसवतो तो नेमका पाठीवर! दोन वर्षांचे शिंगरू उंच दिसते, अंगाने भरलेले दिसते, म्हणून मालकाला मोह होतो. रेसची घोडी दोन वर्षांची असताना पळतात, असे उत्तर लगेच दिले जाते. पळतात खरी. पण तिथे अंगावर हलका जॉकी असतो, दाराशी डॉक्टर असतो, आणि किती जनावरे पहिल्या दोन हंगामांतच बाद होतात याचा हिशेब मोठ्या भांडवलाला सोसतो. एका घोड्यावर घर चालवणाऱ्याला तो सोसणारा नाही.

आमचे मत असे की तीन वर्षे पुरी होईपर्यंत पाठीवर वजन घेऊ नये, तिसऱ्या-चौथ्या वर्षी हलके काम द्यावे आणि पूर्ण मेहनत पाचव्या वर्षापासून घ्यावी. यात वेळ जातो, दाणावैरणीचा खर्च होतो. तो खर्च किंमतीत धरावा. मात्र हे तीन वर्षांचे वय रिकामे बसण्याचे नाही.

जमिनीवरचे शिक्षण

घोडा का अडला, या लहानपणच्या कोड्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. न फिरवल्याने अडला. पण फिरवणे म्हणजे दमवणे नव्हे. बरेच नवे साईस शिंगराला दोरीवर तासभर पळवतात, ते घामाघूम होऊन मान टाकते, आणि 'शांत झाला' म्हणून समाधान मानतात. ते शांत झालेले नसते, थकलेले असते. उद्या त्याचा दम वाढतो आणि तेवढ्याच शांतीसाठी दीड तास लागतो.

सुरुवात म्होरकीपासून होते. शिंगराला दोन्ही बाजूंनी चालवता आले पाहिजे. आपल्याकडे फक्त डाव्या बाजूने चालवण्याची सवय असल्याने उजवीकडून माणूस आला की जनावर बिचकते. शब्दावर थांबणे, शब्दावर दोन पावले मागे सरणे, बोट लावताच पुठ्ठा बाजूला घेणे, हे धडे अंगणात होतात. यातली सारी कला सोडण्यात आहे. दोरी ताणली, जनावराने अर्धे पाऊल टाकले, त्याच क्षणी दोरी सैल झाली पाहिजे. घोडा ताणाने शिकत नाही, ताण सुटला त्यावरून शिकतो. दोन सेकंद उशिरा सोडणारा माणूस रोज चुकीचाच धडा देत असतो आणि वर जनावराला हट्टी म्हणतो.

पाय उचलणे हा धडा नालबंदावर ढकलू नये. रोज चारही पाय उचलावेत, खूर साफ करावा, हाताने तळव्यावर ठोकून पाहावे. शिंगराचे खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी रेतून सरळ ठेवले नाहीत तर वाढत्या पायाचा सांधा तिरका होतो. ज्याने दोन वर्षे हे केले, त्याच्या घोड्याला पहिली नाल ठोकताना अगाडी-पिछाडी बांधावी लागत नाही. नालबंदाच्या बरगड्याही शाबूत राहतात. पण मालक त्याचे आभार मानीत नाही, उलट मजुरीत घासाघीस करतो, हेही आम्ही पाहिले आहे.

मग लांब दोरीवरचा कावा. 'कावा' हा मराठी शब्दच मुळी घोड्याला गोल फिरवण्याचा. हे वर्तुळ मोठे असावे, पंधरा-वीस मीटर रुंदीचे. लहान फेरीत आतल्या पायाच्या सांध्यावर मुरड पडते आणि ती जखम बाहेरून दिसत नाही. दोन्ही दिशांना सारखे, एकूण दहा-पंधरा मिनिटे, ते बहुतांशी कदम आणि दुडकी. येथे आवाज शिकवायचा असतो. पुढे पाठीवर बसल्यावर घोड्याला टाचेचा अर्थ कळत नाही, लगामाचा कळत नाही. ओळखीचा असतो तो फक्त हा आवाज.

यापुढची पायरी टांग्याच्या माणसांना उपजत येत असे. दोन लांब दोऱ्या दोन्ही बाजूंनी मागे आणून, घोड्याच्या मागे सुरक्षित अंतरावर चालत त्याला हाकणे. डावे, उजवे, थांब, चल, हे सारे वजनाशिवाय शिकून होते. गल्लीतून न्यावे, उकिरड्याशेजारून न्यावे, फडफडणाऱ्या ताडपत्रीजवळून न्यावे. वरातीसाठी जनावर तयार करायचे असेल तर ढोलाचा आवाज आधी लांबून, चारा खात असताना ऐकवावा आणि दिवसागणिक जवळ आणावा. एकदम बँडपुढे उभा केलेला घोडा एक दिवस गर्दीत शिरतो, आणि तेथे लेकरे असतात.

लगाम आणि खोगीर

जीनसाज बंधूंनी हा भाग विशेष वाचावा. पहिला लगाम गुळगुळीत, जाडसर, मधे सांध्याचा असावा. मुखारीच्या कडा ओठांच्या कोपऱ्यांपासून दोन्हीकडे अर्धा सेंटीमीटर बाहेर राहिल्या की माप बरोबर. अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात दात पडत-येत असतात. त्या दिवसांत घोडा मान झटकू लागला तर आधी तोंड तपासावे, चाबूक नंतर आठवावा. काटेरी लगामाला तर १९६५ च्या केंद्रीय नियमांनीच बंदी घातली आहे. तरीही तो मेळ्यांत टांगलेला दिसतो आणि खपतो. तो बनवणाऱ्या कारागिराने एवढे समजून घ्यावे की त्याने जीभ आणि हिरडी एकदा फाडली की तेथे वण धरतो, तोंड 'दगडी' होते, आणि मग कोणताच लगाम चालत नाही.

खोगिराचा सांगाडा मणक्यावर टेकता कामा नये. स्वार बसल्यावरही मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटांची जागा राहावी आणि कण्याच्या रेषेवरून आरपार उजेड दिसावा. वाढत्या घोड्याचे अंग दर तीन-चार महिन्यांनी बदलते. म्हणून त्याच्यासाठी महाग खोगीर न घेता साधे खोगीर आणि चांगला नमदा घ्यावा व भरण वेळोवेळी बदलून घ्यावे. कानपूरच्या जीनसाजांनी एकोणिसाव्या शतकातील लष्करी गरजेतून उभा केलेला धंदा परदेशापर्यंत नेला, कारण माप पाळले. आपल्याकडील कारागीर घोड्याचे माप न घेता 'एकच साइज' देतो, ही आमची तक्रार आहे.

तंग पहिल्या दिवशी करकचून आवळू नये. एक घर आवळावे, चार पावले चालवावे, पुन्हा एक घर. खोगीर घालून काव्यावर फिरू द्यावे. उधळला तर उधळू द्यावा. रागावू नये, हसूही नये.

पहिल्या स्वाऱ्या

स्वार हलका हवा. साधारण अंदाज असा की पक्क्या घोड्याला त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझे चालते, खोगिरासह. तीनशे किलोच्या पक्क्या घोड्याला साठ किलो; कोऱ्याला त्याहून कमी. पण हलका स्वार म्हणून बारा वर्षांचे पोर चढवण्याची जी रीत आहे ती आम्हांला मान्य नाही. हलका, पण जाणता माणूस चढावा, डोक्यावर हेल्मेट असावे आणि पाय रिकिबीत अडकणार नाही असा टाचेचा बूट असावा.

पहिले दोन-तीन दिवस ओळखीचा माणूस डोक्याशी उभा राहतो आणि स्वार फक्त पोटावर आडवा टेकून उतरतो, दोन्ही बाजूंनी. कान ढिले, श्वास संथ राहिला तरच पाय पलीकडे टाकावा. बसल्यावर काही करायचे नाही. चार पावले धरून चालवायचे, थांबवायचे, उतरायचे. पाच मिनिटांत काम संपते. पुढे दहा मिनिटे, पुढे वीस, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस. मधल्या सुट्टीच्या दिवसांनी शिक्षण बुडत नाही, उलट मुरते. उघड्या रस्त्यावर पहिल्यांदा नेताना सोबत एक म्हातारा, शांत घोडा असावा. तो जे शिकवतो ते चाबुकस्वारालाही जमत नाही. चौखूर धावणे आणि वरातीतला नाच यांची घाई करू नये. दोन वर्षांच्या शिंगराला पुढचे पाय बांधून नाचवणारे उस्ताद आहेत, त्यांच्या जनावरांचे मागचे सांधे एकदा चाचपून पाहावेत.

शेपटी सारखी झटकणे, दात खाणे, पाठ खाली दाबणे ही दुखण्याची भाषा आहे. या काळात दाणाही बेताने द्यावा. काम पंधरा मिनिटांचे आणि हरभरा चार शेर, असे झाले की अंगातली मस्ती स्वारावर निघते, आणि पोटशूळ वेगळाच.

कराराची गोष्ट

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसच्या झेनोफोनने घोड्यांवर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की मुलाला जसे उस्तादाकडे कसब शिकायला ठेवतात तसे शिंगरू फेरणाऱ्याकडे ठेवावे, आणि परत येताना त्याला काय काय आले पाहिजे ते आधी लिहून घ्यावे. आपल्याकडे हा व्यवहार अजून तोंडी चालतो आणि भांडणे कायमची. चाबुकस्वाराकडे जनावर सोपवताना किती महिने, दाणावैरण कोणाची, नालबंदी कोणाची, जनावर लंगडले किंवा मेले तर नुकसान कोणी सोसायचे, हे एका साध्या कागदावर दोघांच्या सहीने उतरवावे. काय शिकवायचे तेही लिहावे : चारही पाय देतो, दोन्ही बाजूंनी चालतो, चढताना स्थिर उभा राहतो, एकटा आणि सोबतीने रस्त्यावर जातो. सोपवण्याआधी धनुर्वाताची लस टोचलेली असावी. मेळ्यातून आणलेल्या जनावराची ग्लँडर्सची तपासणीही झालेली असावी, कारण हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर कायद्याने मारावे लागते. मजुरी महिन्यावारी ठरवावी, 'काम झाल्यावर' नको. काम झाल्यावर पैसे मिळणार असतील तर फेरणारा घाई करणारच.