एमजीबी: दाराखालचा पत्रा आणि कानातली नळी

ब्रिटनमध्ये जुन्या स्पोर्ट्स गाड्या घरच्या घरी पुन्हा नव्यानं उभ्या करण्याच्या छंदाचा आढावा घ्यायचा म्हटलं की ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार अशी नावं ओळीनं घ्यावी लागतात. मी ती इथे घेतली, आता बाजूला ठेवतो. हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला तो एमजीबीनं. 1962 पासून ऑक्टोबर 1980 पर्यंत अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेत गेल्या, पण इथेही इतक्या उरल्या की शाळामास्तरांपासून पोस्टमनपर्यंत कुणालाही एखादी गंजकी गाडी घेऊन घरामागच्या गॅरेजात लोटता आली. रचना सरळ, नट-बोल्ट हाताला लागणारे, आणि सुटा भाग मिळत नाही म्हणून काम अडलं असं सहसा होत नाही.

मराठी वाचकाला ही गाडी परकी वाटायचं कारण नाही. तिचं 1798 सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. आपल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं धडधडलेलं 1489 सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, वयानं थोरलं आणि आकारानं धाकटं. कोल्हापूरला मामांच्या गॅरेजात ज्यानं अ‍ॅम्बॅसिडरचं हेड उतरवलं आहे, टॅपेट लावले आहेत, त्याला मिडलंड्समध्ये एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर कुणी ओळख करून द्यावी लागत नाही. मला लागली नाही.

या छंदाचा इतिहास थोडक्यात उरकतो. जॉन हेन्स यांनी 1966 साली ऑस्टिन-हीली स्प्राइटवर पहिलं वर्कशॉप मॅन्युअल काढलं. गाडी खरोखर खोलायची, टप्प्याटप्प्यानं फोटो घ्यायचे आणि तसंच छापायचं, ही त्यांची पद्धत. एमजी कार क्लब 1930 पासून होताच. 1973 मध्ये एमजी ओनर्स क्लब निघाला आणि रोज गाडी वापरणाऱ्यांना हक्काचं ठिकाण मिळालं. पुढे छोटे मिग वेल्डर घरगुती दरात मिळू लागले आणि पत्र्याचं काम हौशी माणसाच्या हातात आलं. मग 1988 साली ब्रिटिश मोटर हेरिटेजनं जुन्या डायांवर दाबून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी बाजारात आणली.

इथे माझं जुनं भांडण सुरू होतं. नवी बॉडी आली तशी एक विचारसरणीही आली: जुनी गाडी आणा, कामाचे भाग उतरवा, नव्या बॉडीवर चढवा, गंजकं धूड भंगारात द्या. या मंडळींची गाडी सुरेख दिसते, दारं पहिल्या दिवसापासून नीट बसतात. ज्या गाड्यांत धरायला धड पत्राच उरला नव्हता त्यांच्यासाठी ही बॉडी देवासारखी धावून आली, हे मी मान्य करतो. पण सिल, फ्लोअर आणि दोन मडगार्ड एवढंच गेलेली गाडी भंगारात देणं मला कधीच पटलं नाही. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. तो टाकलात तर उरलं काय, याचं समाधानकारक उत्तर मला या मंडळींकडून अजून मिळालेलं नाही.

म्हणून सिलबद्दल सविस्तर लिहितो, कारण एमजीबीचा जीव तिथे आहे. उघड्या गाडीला छत नाही, त्यामुळे पुढचं आणि मागचं ओझं जोडून धरायचं काम दाराखालच्या या पोकळ पेटीवर येतं. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोन्हींच्या मध्ये उभा पडदा, आणि खाली ‘कॅसल सेक्शन’ नावाची पट्टी. मडगार्डच्या आतल्या खोबणीत चिखल साठतो, तो ओल धरून ठेवतो आणि सिल आतून कुजतं. बाहेरून रंग चकचकीत असतो. गाडी घेताना मी आधी दारासमोर उकिडवा बसतो. दार आणि मडगार्ड यांच्यातली फट वर-खाली सारखी आहे का? मग गाडी जॅकवर थोडी उचलायची आणि दार उघडून पाहायचं. दार अडकलं तर गाडी कमरेत वाकते आहे. मग इंजिन कितीही गोड चालो, आधी सिल.

सिलचं काम फसवण्याची एक पद्धत इथे फार चालते. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा टोपीसारखा चढवायचा, कडा वेल्ड करायच्या, वरून लांबी भरायची आणि रंग मारायचा. खरं सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आत शिरलेलं असतं. ते बदलायचं तर निदान पुढचं मडगार्ड उतरवावंच लागतं. ज्यानं मडगार्ड उतरवलं नाही त्यानं सिल बदललेलं नाही, बिल काहीही म्हणो.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी टेकू लावायचा. बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंतचं अंतर मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचं. एका वेळी एकच बाजू. जुनं कापलं की नवा पत्रा आधी क्लॅम्पवर धरायचा, दार लावायचं, फट बघायची, दार काढायचं, पत्रा केसभर सरकवायचा, पुन्हा दार. हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळा निकाल त्यावरच लागतो. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. एका रेषेत सलग वेल्ड ओढलं तर तापून तो नागमोडी होतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मग हात मागे घेऊन थांबायचं. आतल्या बाजूला, जिथे पुन्हा कधीच हात पोचणार नाही, तिथे जोडण्याआधीच झिंक प्रायमर लावायचा. सगळं झाल्यावर पोकळीत मेण फवारायचं, नळी पार टोकापर्यंत घालून. ही शेवटची पायरी गाळणाऱ्याला थोड्याच वर्षांत तीच बाजू पुन्हा कापावी लागते.

ब्रेक, स्टिअरिंग, पुढच्या किंगपिनला ग्रीस, मागचे स्प्रिंग यावर पुस्तकांत भरपूर आहे. वायरिंगबद्दल मात्र एक सांगतो. या गाड्यांची विजेची सामग्री बनवणाऱ्या लुकासवर इथे रात्रंदिवस विनोद चालतात. मला त्यांचा कंटाळा आला आहे. बहुतेक दोष गंजलेल्या जोडांचे आणि सैल अर्थिंगचे असतात. जोड घासा, अर्थिंगचा बोल्ट उघड्या पत्र्यावर आवळा, दिवे लागतात. 1967 च्या उत्तरार्धापर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, एवढं नवा रेडिओ जोडण्यापूर्वी तपासलं म्हणजे झालं.

आता एसयू कार्बोरेटर. आयुष्यभर मी ज्याची वकिली केली तो हाच, आणि तो काढून फेकणाऱ्यांशी माझं वैर आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किनर बंधूंनी हे यंत्र घडवलं. घराणं जोड्यांच्या धंद्यातलं, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता, हे वाचल्यापासून मला या यंत्राबद्दल जास्तच माया वाटते. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. कल्पना तीच राहिली. इंजिनला जितकी हवा हवी तितका पिस्टन आपणहून वर उठतो, त्याच्या पोटाला लावलेली निमुळती सुई जेटमधून तितकीच वर येते आणि तेवढंच पेट्रोल सुटतं. एक सुई, एक जेट. पिस्टन दचकून उसळू नये म्हणून वरच्या नळीत पातळ तेल. ते तेल संपलं की गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच अडखळते, आणि लोक प्लग बदलत बसतात.

एमजीबीला असे दोन. दोघांचं जुळवायचं कसं? इंजिन पुरतं गरम होऊ द्यायचं. एअर फिल्टर काढायचे. दोन्ही थ्रॉटल जोडणारा दांडा सैल करायचा. मग रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. फुसफुस ऐकायची, मग दुसऱ्याची. ज्याचा आवाज मोठा त्याचा स्क्रू किंचित मागे. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा मिळवताना जसे दोन सूर जवळ येत येत एक होतात, तसे हे दोन आवाज एक होतात, आणि त्या क्षणी इंजिनची थरथर कमी झालेली बॉनेटच्या कडेवर टेकवलेल्या तळव्याला कळते.

मग मिश्रण. कार्बोरेटरच्या बुडाशी छोटी पिन असते. तिनं पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं तर कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा मूळ चालीवर आलं तर बरोबर. जेटखालच्या षट्कोनी नटाचा एक एक पैलू फिरवत हे साधायचं. वर फिरवला की मिश्रण सौम्य, खाली फिरवला की जाड. लॅपटॉप लागत नाही.

एसयू ‘सतत बिघडतो’ म्हणणाऱ्यांच्या गाड्यांत बहुधा थ्रॉटलचा दांडा झिजलेला असतो. त्या फटीतून हवा चोरून आत शिरते, मग कितीही नट फिरवा, आयडलिंग टिकत नाही. उपाय नवा बुश आणि नवा दांडा. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवरचा कुठलाही कारागीर चहा येईपर्यंत असा बुश काढून देईल. इथे लोक त्याऐवजी मोठा वेबर कार्बोरेटर आणून बसवतात. वेबर उत्तम आहे, योग्य इंजिनावर. पण बी-सिरीजच्या हेडमध्ये चार सिलिंडरना आत जायच्या वाटा दोनच; दोन-दोन सिलिंडर एकाच वाटेनं श्वास घेतात. दोन वाटांना दोन एसयू, हा हिशोब आधीच जमलेला आहे. शर्यतीसाठी हेड घासून, कॅम बदलून इंजिन बांधलं असेल तर वेबर लावा. रोजच्या गाडीला सुई बदला आणि गप्प चालवा.

म्हणजे मी बदलांच्या विरुद्ध आहे असं नाही. मूळ क्लिपेचा रंग कोणता होता यावरून स्पर्धेत गुण कापणाऱ्यांशीही माझं जमत नाही. केन कॉस्टेलो यांनी 1970 च्या सुमारास या गाडीत रोव्हरचं 3528 सीसी व्ही-8 बसवलं, ते मी या छंदातलं सर्वांत बुद्धिमान काम मानतो. त्याआधी कारखान्यानं एमजीबीवरूनच केलेल्या एमजीसीत 2912 सीसीचं सहा सिलिंडरचं बिडाचं इंजिन कोंबलं होतं आणि गाडीचं नाक जड झालं होतं. रोव्हरचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजन मूळच्या चार सिलिंडरच्या आसपास. पुढे कारखान्यानंही 1973 ते 1976 मध्ये 2,591 बंद छताच्या जीटी व्ही-8 बांधल्या. फोर्डचा पाच गिअरचा बॉक्स, इलेक्ट्रॉनिक इग्निशन यांनाही माझी हरकत नाही. माझी अट एकच: पत्रा न कापता जे बसतं आणि पुढच्या मालकाला पुन्हा काढता येतं तेच बसवा. काळ्या रबरी बंपरच्या, 1974 नंतरच्या गाड्यांची थोबाडं कापून त्यांना क्रोम बंपर लावण्याची हौस म्हणून मला आवडत नाही. अमेरिकेच्या नियमांसाठी वाढवलेली उंची खाली आणा, अँटी-रोल बार नसेल तर लावा, गाडी वळणावर पहिल्यासारखी वागते.

हल्लीची परिस्थिती मात्र वाईट आहे. नवे सुटे भाग दिसायला हुबेहूब आणि आतून निकृष्ट. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर आर्म घ्या. वाईट रोटरमध्ये पितळी पट्टी धरणारी रिव्हेट इतकी आत जाते की ठिणगी प्लास्टिक भेदून खालच्या दांड्यात उतरते. गाडी काही सूचना न देता रस्त्यात बंद पडते. मी बिनरिव्हेटचाच वापरतो आणि भेटेल त्याला तेच सांगतो. 2021 मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल इथे सर्रास झालं. जुन्या रबराच्या नळ्या त्यानं मऊ होऊन पाझरतात. गरम एक्झॉस्टच्या वर पाझरणारं पेट्रोल म्हणजे काय, ते सांगायला नको. नळ्या बदला, आजच.

2018 च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणी माफ झाली. क्लबांत लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ही सवलत नकोच होती. वर्षातून एकदा परका, तिऱ्हाईत माणूस टॉर्च घेऊन गाडीखाली जायचा आणि सिलवर हातोडीनं टकटक करायचा. तेवढीच शिस्त होती. मी अजून दर वर्षी स्वखुशीनं तपासणी करून घेतो.

सर्वांत जास्त खंत कारागिरीची. मी ज्या संध्याकाळच्या वर्गात मिग वेल्डिंग शिकलो तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. आज तीस वर्षांखालचा मुलगा या छंदात आला तर त्याला पत्र्यावर टाका घालायला शिकवणारं ठिकाण शोधावं लागतं. मग तो तयार गाडी विकत घेतो आणि बिघडली की ट्रकवर घालून गॅरेजला पाठवतो. प्रदर्शनांत खुर्च्या टाकून बसलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना हे दिसतं, आणि आम्ही चषक वाटत राहतो. माझ्या क्लबला मी लेखी कळवलं आहे: यंदाचे चषक रद्द करा, त्या पैशांत दोन मिग वेल्डर, गॅसच्या बाटल्या आणि भंगारातली चार सिलं घ्या, दर शनिवारी माझं गॅरेज उघडं आहे. उत्तर यायचं आहे. तोवर दोन मुलं येतात, एक इथलीच नर्सिंगची विद्यार्थिनी आणि एक नाशिकहून एमएस करायला आलेला. नर्सिंगवालीचा टाका आत्ताच माझ्यापेक्षा सरळ पडतो. पुढच्या महिन्यात दोघं मिळून डावं सिल कापणार आहेत.