प्रमेही रुग्णाचे दात आणि आहार

प्रमेहाची पूर्वरूपे सांगताना सुश्रुताचार्यांनी दात, जिव्हा, तालु व गळा येथे होणाऱ्या मलोत्पत्तीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. निदानस्थानातील ही नोंद आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेली असते. चिकित्सालयात मात्र नाडी व रक्तशर्करा पाहून होते आणि रुग्णाचे तोंड उघडून पाहणे राहून जाते. हिरड्यांच्या विकाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव असे लोए यांनी १९९३ साली म्हटले. शर्करा वाढलेली राहिली की लाळ कमी होते व हिरड्या सुजतात. तो शोथ टिकला की शर्करा आटोक्यात येणे अवघड होते.

वेरूळ-खुलताबाद परिसरातील जुना आहार पाहिला तर तो प्रमेही रुग्णास फारसा प्रतिकूल नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी हे सारे चावून खावे लागते आणि चर्वणाने लाळ सुटते. परंतु दाढ हलू लागली की प्रथम सुटते ती भाकरी. तिच्या जागी चहात बुडविलेली खारी, टोस्ट, बिस्कीट किंवा पाव येतो. "गोड पूर्ण बंद केले आहे", असे रुग्ण सांगतो व त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेही असते. साखर मात्र उतरत नाही आणि आपण औषधाची मात्रा वाढवितो. त्यापूर्वी भाकरी कोणत्या बाजूने चावता, एवढे विचारावे, असे आम्हांस वाटते. चावणे अशक्य असल्यास भाकरी वरणात किंवा ताकात कुस्करून द्यावी, भाजी मऊ शिजवावी. पण धान्य बदलू नये.

दुसरा मुद्दा वारंवारतेचा. गोड किंवा पिष्टमय पदार्थ तोंडात गेल्यावर दातांवरील जंतू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात व ते निवळण्यास साधारण अर्धा तास, लाळ कमी असल्यास त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून दर तासाला घोटभर गोड चहा घेणाऱ्याचे दात जेवणात एकदाच गोड खाणाऱ्यापेक्षा अधिक झिजतात. श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या उपवासकऱ्यांचे हेच होते. साबुदाणा, बटाटा, खजूर, प्रसादाचा पेढा असे दिवसभर थोडे थोडे चालू राहते. त्याऐवजी ठरावीक वेळी भगर, शेंगदाण्याची आमटी व ताक घेऊन लगेच चूळ भरण्यास सांगावे. दौलताबादच्या सीताफळांचा हंगामही असाच. फळ प्रमाणात, जेवणालगत खावे, येता-जाता नव्हे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपवास विचारूनच करावा. घाम, थरथर अशी लक्षणे दिसल्यास साखर तत्काळ द्यावी. दातांचा विचार नंतर.

आता थोडे आपल्याच कपाटाकडे पाहू. आसव-अरिष्टांत गूळ, साखर किंवा मध असतो, अवलेहाचा तर मोठा भाग शर्करेचाच असतो. प्रमेहात मधु सांगितला आहे हे आम्ही जाणतो. तथापि रात्री झोपताना चाटलेला मध पहाटेपर्यंत दातांवरच राहतो, कारण झोपेत लाळ फारच कमी सुटते. अनुपान कोमट पाण्याचे चालत असेल तर तेच योजावे, अन्यथा औषध जेवणालगत देऊन चूळ भरण्यास सांगावे. औषध देताना ही सूचना औषधालय चालकांनीही द्यावी. रुग्णाशी शेवटचे बोलणे बहुधा त्यांचेच होते.

चरकाचार्यांनी दोन वेळा दंतधावन सांगितले आहे आणि तेही हिरड्यांना इजा न करता. आपल्याकडे या कामी अनेक घरांत मिश्री वापरली जाते. ती तंबाखूच आहे. ती सोडविल्याशिवाय त्रिफळा क्वाथाच्या गंडूषाचा उपयोग अपुराच राहील.

दात हलणे, पू येणे, हिरडीतून वारंवार रक्त येणे ही लक्षणे दिसताच दंतवैद्यांकडे पाठवावे. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि वेरूळहून ते अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आहे. २०२२ च्या कोक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरते. चिठ्ठीत अलीकडची रक्तशर्करा व चालू असलेली सर्व औषधे, आपलीसुद्धा, लिहून द्यावीत.