मृत्युपत्र आणि वार्धक्यांतील स्मृतिभ्रंश

शेतकरी कुटुंबांत बांधावरून होणाऱ्या तंट्यांपेक्षां वडिलांच्या पश्चात् निघालेल्या मृत्युपत्रावरून होणारे तंटे अधिक वर्षें चालतात. महसूल खात्यांत कारकुनी करितांना अशीं पुष्कळ प्रकरणें माझ्या नजरेखालून गेलीं. एकांत तर मी स्वतः साक्षीदार होतों. त्याची हकीकत प्रथम सांगतों.

माझे एक चुलते ऐंशीच्या घरांत होते. बैल विकून दहा वर्षें झालीं होतीं, तरी सायंकाळीं ते "बैलांना पाणी पाजलें का?" असें विचारीत. धाकटा मुलगा त्यांची मनोभावें सेवा करी. त्यानें एके दिवशीं चुलत्यांच्या स्वकष्टार्जित बागाईत जमिनीचें मृत्युपत्र आपल्या नांवें लिहवून आणिलें. चुलत्यांनीं सही केली आणि भिडेखातर मींही साक्ष घातली. त्यांच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलानें व मुलीनें हरकत घेतली. दिवाणी न्यायालयांत मला प्रश्न आला, "कागद त्यांना वाचून दाखविला होता काय? तो त्यांना समजला हें तुम्हांस कशावरून कळलें?" मजपाशीं उत्तर नव्हतें. मृत्युपत्र अमान्य झालें व जमीन तिघांत सारखी वांटली गेली. थोरल्यास व बहिणीस वांटा मिळाला यांत अन्याय नाहीं. परंतु चुलत्यांची खरी इच्छा काय होती, हें आतां कोणासच कळणार नाहीं. त्या दोषांत माझ्या सहीचाही भाग आहे.

आतां कायदा पाहूं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 59 अन्वयें सज्ञान व शुद्धबुद्धीच्या प्रत्येक माणसास मृत्युपत्र करितां येतें. मात्र नशेनें, आजारानें अगर अन्य कारणानें आपण काय करीत आहों हें ज्यास कळत नाहीं, त्यास त्या स्थितींत तें करितां येत नाहीं. उलट, एरव्हीं भ्रमिष्ट असणाऱ्यासही मन शुद्धीवर असलेल्या अवधींत मृत्युपत्र करण्याची मुभा त्याच कलमांत आहे.

यावरून, स्मृतिभ्रंशाचें निदान झालें एवढ्यानेंच मृत्युपत्र रद्द होत नाहीं. "साठी बुद्धि नाठी" ही म्हण न्यायालयांत पुरावा होत नाहीं. सहीच्या वेळीं मन कसें होतें, हा खरा प्रश्न. आपण मरणोत्तर व्यवस्था लावीत आहों, मिळकत कोणती, हक्काचीं माणसें कोण आणि कोणास काय देत आहों, इतकें त्यास उमजलें पाहिजे. पण हा रोग बहुधा वाढत जाणारा असल्यामुळें, उशिरां केलेल्या कागदाबाबत तें सिद्ध करणें फार कठीण जातें.

कलम 63 प्रमाणें किमान दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणीचा शिक्का म्हणजे मन शाबूत असल्याचा निर्णायक पुरावा नव्हे. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध थिम्मजम्मा या 1958 च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, संशयास्पद परिस्थिति असल्यास तिचें निरसन करण्याचा भार मृत्युपत्र पुढें आणणाऱ्यावर असतो. ज्यास लाभ, त्यानेंच कागद घडवून आणण्यांत पुढाकार घेणें, ही अशीच एक परिस्थिति होय.

मृत्युपत्र जमत नाहीं म्हणून बक्षीसपत्र किंवा विश्वस्तनिधि करावा, असें कित्येक सुचवितात. परंतु हे मार्ग अधिक सोपे नाहींत. विश्वस्तनिधि अधिनियम, 1882 प्रमाणें निधि करणारा करारास पात्र असावा लागतो. आणि करार अधिनियम, 1872 च्या कलम 12 प्रमाणें व्यवहार समजून आपल्या हिताहिताचा विचार करण्याची शक्ति त्याच्यापाशीं असावी लागते. हयातींत केलेल्या निधींत जमीन घालावयाची तर कागद नोंदविणें भाग आहे. फेरफार मंजूर होऊन सात-बारावर नांव लागलें, तरी तेवढ्यानें मालकी सिद्ध होत नाहीं. वडिलोपार्जित मिळकतींत स्वतःच्या हिश्शापुरतेंच मृत्युपत्र करितां येतें, आणि 2005 पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हेंही विसरूं नये.

तेव्हां माझी सूचना अशी. हातपाय व स्मृति धड आहेत तोंच मृत्युपत्र करावें. कोणास कमी दिलें तर त्याचें कारण त्यांतच लिहावें. वय झालें असल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडून तपासून दाखला घ्यावा आणि शक्य तर त्यांचीच साक्ष घालावी. ज्यास लाभ व्हावयाचा, त्यानें त्या वेळीं खोलीबाहेर बसावें. साक्षीदारानें चार प्रश्न विचारून खात्री करून घ्यावी. भिडेनें सही करूं नये.

आणि स्मृति पुरती गेल्यावर म्हाताऱ्याचा अंगठा धरून शाईंत बुडवूं नये. त्यापेक्षां भावंडांनीं एकत्र बसून वारसाहक्कानें मिळेल तें घ्यावें. जमीन थोडी कमी येईल, पण घर राहील.